डाव्या हाताची गाठ

काच हिरवी होती, नखाच्या कडेएवढी, आणि सारवताना ती बोटाला लागली तेव्हा द्वारकाबाईला आधी वाटलं खडा असेल — पण खडा असा चमकत नाही. शेणाने माखलेल्या बोटांवर ती काच धरून ती उंबऱ्याशी उकिडवी बसून राहिली. कधी वाढली असेल ही बांगडी? फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, एवढं तिला चार वर्षांची असतानाच आजीने शिकवलं होतं... काल वाढली असेल, परवा वाढली असेल, आठ वर्षांपूर्वीची तर नक्कीच नाही. आठ वर्षांत ही जमीन दोनदा उखणून नवी केली, तिच्यात तेव्हाची काच कुठून राहणार? पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. हिरवी काच दिसली की द्वारकाबाईच्या छातीत काहीतरी घसरायचं, तसं आजही घसरलं.

पाठीमागून बादलीचा आवाज आला. ठक्... मग पाऊल... मग पुन्हा ठक्... कौसल्या विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. मान वळवून बघायची गरज नव्हती. कळस गावात पन्नास पोरी पाणी भरत असतील, पण बादली गुडघ्यावर आपटत चालणारी एकटी द्वारकाबाईचीच लेक. उजवा हात. वाकवलेला असला की कुणाला कळायचंसुद्धा नाही — जात्याचा खुंटा त्याच हाताने ओढते, भाकरी त्याच हाताने थापते, वेणी घालते, बैलाच्या दाव्याला हिसका देते, कामात कुठे म्हणजे कुठे उणी नाही. पण हात सरळ खाली सोडला की कोपरापासून पुढचा भाग आत वळायचा, मांडीकडे, जणू कुणी खोडसाळपणे पोरीचा हात काढून घेऊन दुसऱ्याच कुणाचा बसवून दिला होता. म्हणून कौसल्या हात सरळ सोडायचीच नाही. सदा पदराचं टोक मुठीत आणि मूठ छातीशी. पंचमीला पोरी फुगडी घालायच्या तेव्हा ही कडेला बसून गाणी म्हणायची, आणि बाया कौतुक करायच्या, किती बाई शांत पोर! शांत कसली... भरलेली बादली मात्र दुमडलेल्या हाताने नेता येत नाही, पाण्याचं ओझं हाताला सरळ करतंच. आणि दर वेळी त्या क्षणाला, गेली आठ वर्षं, द्वारकाबाईचे डोळे दुसरीकडे जायचे. चुलीकडे, छपराकडे, दारातल्या कुत्र्याकडे, कुठेही. आज ते हातातल्या काचेकडे गेले.

“आये, वाटंतनं ऊठ की. पानी सांडंल.”

ती उठली. काच पदराच्या टोकाला बांधून टाकली. का बांधली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तुळशीचं लग्न झालं की लासुर्ण्याची माणसं कौसल्येला नांदायला न्यायला येणार होती. लग्न केव्हाच झालेलं, पोर सात वर्षांची असताना. नवा कायदा येतोय, मग पोरींना चौदा वर्षांची होईस्तोवर घरात ठेवावं लागेल, अशी आवई उठली आणि त्या फाल्गुनात या मुलखात लग्नांचा नुसता धुरळा उडाला. एकेका मांडवात तीन-तीन नवरदेव. लासुर्ण्याच्या कुशाबाईंनी आपल्या मानसिंगासाठी कौसल्या पसंत केली ती तिचे हात बघून. खरंच, हात बघून! “पोरीचं हात कसं कनसावानी सरळ हायती,” असं म्हणाल्या होत्या. पुढे हाताचं समजलं तेव्हा कुशाबाईंनी कपाळावर हात मारला, पण बोल लावला तो हाड बसवणाऱ्या महिपतीला. पोरीचा काय दोष, तिच्या आईबापाचा काय दोष, वैदूच आंधळा निघाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त ती मूठ झाकून ठेवायला दुसऱ्याचा हात घेतला होता, हे द्वारकाबाईला एकटीला ठाऊक.

एकटीलाच. निदान ती तसं समजत होती.

शेजारच्या फुलाबाईच्या घरातून किंकाळी आली तेव्हा द्वारकाबाई हात धूत होती. आधी पोराची, मग बाईची, मग दोन्ही एकात एक. ती तशीच ओल्या हाताने धावली. फुलाबाईची नात म्हाळसा, सहा वर्षांची, चिंचेवरून पडली होती — हिरव्या चिंचांसाठी चढली, फांदी मोडली, हात पुढे करून पडली. फुलाबाईच्या मांडीवर ती आता ओरडायचीही थांबली होती, आणि डाव्या हाताला कोपराच्या वर बाक आला होता. तोच बाक. तीच सूज, तशीच चकचकीत कातडी. आठ वर्षांपूर्वीचा हात कुणीतरी आणून पुन्हा पुढ्यात ठेवला होता, फक्त डाव्या बाजूला.

“सोपान गाडी जुपतोय,” फुलाबाई रडत म्हणाली. सोपान तिचा लेक, म्हाळसाचा बाप. “इंदापूरच्या दवाखान्यात न्येतो म्हंतोय. पोचंस्तोवर दिस मावळंल गं... आन् हितं तरी कोन हाय? एक त्यो महिपती, त्यानं तुज्या कौसीचं काय क्येलं ते बगितलंच की सगळ्यांनी.”

द्वारकाबाईने म्हाळसाची बोटं हातात घेतली. गार होती. कार्तिकातल्या सकाळचा गारठा नव्हे, विहिरीतल्या दगडाचा. तिने अंगठ्याने पोरीचं एक नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं ते पांढरंच राहिलं. पुन्हा लाल व्हायला इतका वेळ लागला की तिने मनात सहा मोजले... हे तिला महिपतीनेच शिकवलं होतं. “रोज नख दाबून बगत जा, पोरी. लाल माघारी आला तर हात जित्ता हाय. न्हाय आला तर रातीबेराती बी मला हाक मार.” ती रोज बघायची. लाल रोज माघारी यायचा. त्या बाबतीत ती किती चोख होती!

इंदापूर लांब. महिपतीची वस्ती ओढ्यापलीकडे, बैल जरा रेटले तर चिलीम विझायच्या आत पोचणार. सोपानला एक शब्द सांगायचा होता, आणि तो शब्द या गावात फक्त तिने सांगितला तर चालणार होता. कारण महिपती हात वाकडा बसवतो याची साक्ष तिच्या घरात बादली घेऊन फिरत होती.

“महिपतीआबाकडं न्या,” ती म्हणाली.

फुलाबाईने रडणं थांबवून तिच्याकडे बघितलं. “तू म्हंतीस हे? तू?”

आता सांगायचं. हाच तो क्षण... मी म्हणते, कारण त्यानं वाकडा बसवला नव्हता, काकी. मीच... शब्द घशापर्यंत आले, आणि घशातून दुसरेच बाहेर पडले. “नखं बगा तिची. पांढरी पडल्याती. इंदापूरपतूर हात ऱ्हानार न्हाय.” हेही खरंच होतं. सगळं खरं बोलायला छाती लागते; अर्धं बोलायला नुसती जीभ पुरते. सोपानने बैल ओढ्याकडे वळवले, आणि फुलाबाई म्हणाली, “तू चल संगं. तुला ठावं हाय ह्यातलं.” ठावं होतंच. द्वारकाबाई गाडीत चढली.

गाडी हादरत होती आणि म्हाळसाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. दोन्ही बाजूंना पाटाच्या पाण्यावरची वांगी, पलीकडे पेरूची बाग, सगळं नेहमीसारखं, कुणी खुरपत होतं, कुणी हाक मारून विचारत होतं काय झालं म्हणून.  द्वारकाबाईला आठ वर्षांपूर्वीचा श्रावण दिसत होता. पंचमीच्या चार दिवस आधी कौसल्या गाडीच्या साटीवरून पडली, आणि महिपतीने हात बसवला — इतक्या हळू की पोर एकदाच ओरडली. नवऱ्याने, दत्तोबाने, पोरीला खांद्याशी धरलं, आबाने मनगट धरून ओढ घेतली, अंगठा कोपरामागे रोवला, हात दुमडला, बांबूच्या कामट्या लावल्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून गाठ मारली. त्याआधी एक केलं. पोरीच्या उजव्या हातातल्या लग्नाच्या बांगड्या वाढवल्या. सूज चढत होती, त्या ठेवून चालणार नव्हतं. “देव समजून घील,” तो म्हणाला. घेतला तर त्याने फक्त नारळ; हाड बसवायचं काही घ्यायचं नाही हे त्याच्या वडलांपासूनचं.

देवाने समजून घेतलं असेल. पण कुशाबाई देव नव्हत्या. पंचमीच्या आदल्या सांजेला निरोप आला, की सुनेची पहिली पंचमी म्हणून सासू स्वतः साडी-चोळी घेऊन येते आहे, दोन दिवस राहणार आहे. दत्तोबा बारामतीच्या बाजाराला गेलेला. घरात एकटी द्वारकाबाई, आणि पोरीचा उजवा हात बोडका! लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोवर सुनेच्या हातात बांगडी नाही — कुशाबाईंचा एकुलता एक मुलगा, त्याच्या जिवावरचा अपशकुन, त्याच पावली त्या माघारी फिरल्या असत्या. मग पोरीला कोण घेणार? सात वर्षांची टाकलेली... रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर तो रिकामा हात होता, मोडलेला हात नव्हताच. सकाळी तिने पोरीला कणगीमागे नेलं. गाठ सोडली. कामट्या काढल्या. कासार धरतो तसा हात सरळ ओढून धरला, बोटांना तेल लावलं, आणि पोरीच्या तोंडात पदराचा बोळा दिला.

हिरव्या सात बांगड्या. तिसरी घालताना हातात आत काहीतरी हललं. आवाज मोठा नव्हता, ओली काटकी दुमडावी एवढाच. पण तो बोटांना ऐकू आला, कानांना नव्हे. आणि तिला कळलं. हेच तर होतं, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, देवासमोर हात जोडतानासुद्धा ती हे ओलांडून पुढे जायची... तिला कळलं होतं. नकळत झालं असतं तर ती चूक झाली असती. चुका काय, कुणाच्याही होतात. तिसरीला कळलं, आणि तिने चौथी घातली. पाचवी घातली. सहावी, सातवी. मग कामट्या लावून, आपल्या हाताने पट्ट्या बांधून, वरून पदर घेतला, की नुसतं मनगट दिसावं, आणि त्या मनगटावर सात बांगड्या. कुशाबाईंनी मनगट धरून कौतुकाने म्हटलं होतं, “चुडा कसा भरून दिसतोय!” पोरीने हं की चूं केलं नाही. सात वर्षांची पोर, आईने सांगितलं होतं रडायचं नाही, रडली नाही.

कौसल्येला ते काहीच आठवत नव्हतं. ताप होता तिला तेव्हा. तिला एवढंच माहीत होतं, की महिपतीने हात बिघडवला.

दुसऱ्या दिवशी आबा बघायला आला. कुशाबाई ओसरीवरच बसलेल्या. द्वारकाबाईला वाटलं, आता हा सगळं बोलणार. पण म्हाताऱ्याने पोरीची बोटं चाचपली, नख दाबलं, घटकाभर गाठीकडे बघत बसला, पाणी मागून प्यायला आणि उठून गेला. त्याला काही कळलं नव्हतं! त्या दिवशी चुलीपुढे ती हसली होती. होय, सुटल्यासारखी हसली होती. आणि दोन महिन्यांनी आखडलेला हात सरळ झाला तेव्हा कसा सरळ झाला ते सगळ्या गावाने बघितलं, आणि दत्तोबाने मारुतीच्या पारावर चारचौघांत महिपतीला म्हटलं, “आबा म्हनून पाया पडलो तुमच्या, आन् तुमी पोरगी वाकडी करून ठिवली. झडतील तुमचं हात.” बायांच्या घोळक्यात मागे ती उभी होती. महिपती मान खाली घालून ऐकत होता. उलटून एक शब्द बोलला नाही, आणि तो बोलत नाही म्हणजे त्याचं चुकलं असणार असं सगळ्यांनी धरलं. तिनेसुद्धा एकेका दिवशी तसं धरून बघितलं होतं. कदाचित मुळातच नीट बसला नसेल... कदाचित तो आवाज कामटीचा असेल... आठ वर्षांत माणूस स्वतःला काय काय समजावतो.

महिपती वस्तीवर बाभळीखाली अंबाडीचा दोर वळत बसला होता. पार वाळलेला, पण बोटं तशीच, लांब आणि सावकाश. त्याने गाडीकडे बघितलं, पोरीच्या हाताकडे बघितलं, आणि दोर वळणं चालूच ठेवलं.

“म्या सोडलंय ते. आठ वर्सं झाली. इंदापूरला न्या.”

सोपान चिडला. फुलाबाईने हात जोडले, पदर पसरला. म्हातारा मान हलवत राहिला. “माज्या हातावर भरवसा न्हाय ऱ्हायला. तुमचा बी न्हाय. उगा कशाला?” सोपानने कासरा ओढला. बैल वळायला लागले. गाडीत म्हाळसाची बोटं आता निळसर दिसत होती, आणि द्वारकाबाई खाली उतरली होती. कधी उतरली ते तिला समजलं नाही. ती बाभळीखाली म्हाताऱ्यासमोर उभी होती आणि तिला त्याच्या पायांशिवाय कुठेच बघवत नव्हतं.

“आबा... तुमच्या हातात खोट नव्हती. ती गाठ...”

दोर वळणारी बोटं थांबली.

“डाव्या हाताची व्हती,” तो म्हणाला. “माजी गाठ उजवीकडं पडती. ती डावीकडं पडल्याली. त्या घरात डावरं कोन हाय, ते मला ठावं न्हाय व्हय?”

तिने आपला डावा हात पदराखाली घेतला. आता घेऊन काय उपयोग होता? तिने म्हणायचा प्रयत्न केला, मग तुम्ही बोलला का नाहीत, पारावर सगळे थुंकत होते तेव्हा... ओठ हलले असतील, कारण त्याने उत्तर दिलं, तिच्याकडे न बघता, दोराकडे बघत.

“काय बोलू? गाठ बगितली तवाच बोलाय पायजे हुतं. सहावा दिस व्हता, हाड वलं व्हतं. सोडून पुन्यांदा बसीवला असता तर सरळ झाला असता हात. पर सोडायचा म्हंजी त्या बांगड्या वाढवाव्या लागत्या, आन् म्होरं पोरीची सासू बसल्याली. म्या म्हनलं, जाऊ दे... पोरीचं घर मोडाय नगं. आन् उठलो. मग खोट कुनाच्या हातात व्हती म्हनायची? तुज्या का माज्या?”

सुटका होईल, असं तिला आठ वर्षं वाटत आलं होतं. एकदा सांगून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल, मग लोक काय मारायचं ते मारोत. आणि इथे सांगायलाच काही उरलं नव्हतं. जे ती लपवत आली ते याने दुसऱ्याच दिवशी बघितलं होतं. ती चुलीपुढे हसत होती तेव्हा हा ओढा ओलांडून घरी जात होता, सगळं बरोबर घेऊन. आपण पकडले जाऊ म्हणून ती भीत राहिली, आणि ती केव्हाच पकडली गेली होती, पकडून हळूच सोडून दिली गेली होती... आणि तिच्या वाटणीच्या शिव्या हा म्हातारा खात होता. तिला वाटलं, याने शिवी द्यावी. निदान थुंकावं. तो तसं काहीच करत नव्हता, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापून लाल झाल्या होत्या, लहान पोरीसारख्या.

“पोरीची बोटं निळी पडल्याती, आबा,” ती म्हणाली. एवढंच तिला सुचलं.

महिपतीने दोर बाजूला ठेवला. “सोपाऽन!” त्याने हाक मारली. “आन तिला हितं.”

मग जे झालं ते झटक्यात झालं. म्हाळसाला घोंगडीवर निजवलं. फुलाबाईला बघवेना, ती तोंड फिरवून बसली. सोपान बैलांकडे जाऊन उभा राहिला. “तू धर,” म्हातारा द्वारकाबाईला म्हणाला. “खांद्यापाशी. सोडायचं न्हाय.” तिने धरलं. त्याने आधी पोरीचा चांगला हात सरळ करून नीट बघितला, बोट फिरवलं. “हे बग. हात सोडला की कोपरापासनं जरासा भाईर जातो. देवानं तसाच क्येलाय, भरल्याली घागर मांडीला लागू नये म्हनून. ह्येच्यासारका तो बसाय पायजे.” द्वारकाबाईने खालचा ओठ दाताखाली धरला. ठक्... पाऊल... ठक्... मग त्याने मोडक्या हाताचं मनगट धरलं आणि ओढ घेतली, सावकाश, थांबत थांबत, आणि तिच्या तळव्यांखाली पोरीचं सगळं अंग ताणलं गेलं, आणि आत काहीतरी हललं — तोच आवाज, बोटांना ऐकू येणारा — आणि क्षणभर तिला वाटलं पुन्हा झालं, माझ्या हातांनी पुन्हा झालं! पण म्हाताऱ्याने हात दुमडला होता आणि नख दाबून बघत होता. नख पांढरं. पांढरं... मग कडेने एक गुलाबी रेघ आली, आणि हळूहळू ती नखभर पसरली. म्हाळसा मोठ्याने रडायला लागली. फुलाबाईही.

कामट्या बसल्या, पट्ट्या बसल्या. त्याने गाठ मारली, टोकं आत खोवली. उजवीकडे पडणारी गाठ.

“आबा, हात सरळ व्हईल न्हवं?” फुलाबाईने डोळे पुसत विचारलं. “न्हाय म्हंजी... त्या कौसीवानी...”

म्हातारा गाठीवरून बोट फिरवत राहिला. “ही गाठ एकवीस दिस माज्याबिगर कुनी सोडायची न्हाय. पोर रडंल, सण यील, पावनं येतील. तरी बी न्हाय.” एवढं बोलून तो थांबला. त्याने द्वारकाबाईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. ती कदाचित बोलली असती, कदाचित रडली असती, काहीतरी झालं असतं. तो नुसता गप्प राहिला, जरा जास्तच वेळ, दारात उभ्या पाहुण्याला आत यायला वाट करून द्यावी तसा. ती आत गेली नाही. सोपान म्हणाला, “निगायचं?” आणि तो वेळ संपला.

येताना फुलाबाईचं तोंड मिटत नव्हतं. म्हातारा अजून हाताचा हलका हाय, बग बोटं कशी ऊन झाली, कुनाच्या नशिबाला येतो गुन, कुनाच्या येत न्हाय. तुज्या कौसीचंच नशीब खोटं, दुसरं काय. द्वारकाबाई “हं” म्हणत होती. काल असं कुणी म्हटलं असतं तर तिला आतून हायसं वाटलं असतं. नशीब! केवढा सोयीचा शब्द होता तो, त्याला ना डावा हात ना उजवा. आज तो तिला दाताखाली खडा लागावा तसा लागत होता, आणि तरीही ती “हं” म्हणत होती, आणि प्रत्येक “हं” बरोबर स्वतःची लाज वाटत होती, आणि पुढचं “हं” तयारच होतं. लाज वाटली म्हणून माणूस सुधारतं, असं कुणी सांगितलं असेल तर त्याने द्वारकाबाईला बघितलेलं नव्हतं.

घरासमोर ती उतरली तेव्हा सकाळचं सारवण वाळून पांढरं पडलं होतं, जिथे काच सापडली तिथपर्यंतच, पुढचं अर्धवट. कौसल्या गुरांना पाणी दाखवायला बादली घेऊन निघाली होती. आईला बघून ती वाटेतच थांबली.

“म्हाळसाला त्याच्याकडं नेलीत म्हनं? त्या मेल्याकडं?” तिचा आवाज चढला. “आन् तू संगं ग्येलीस? माजा हात बगून बी? त्याचं हात झडलं न्हाईत व्हय अजून?”

हे बोल दत्तोबाचे होते. पारावरचे. लेकराने ते आठ वर्षं जपून ठेवले होते, आईने घरात कधी पुसले नाहीत म्हणून.

“त्येला मेला म्हनू नगं, कौसे.”

“का?”

प्रश्न एवढाच होता. असा साधा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांना सगळं आधीच माहीत होतं.  तिला कुशाबाई आठवून बघायच्या होत्या, लासुर्ण्याची माणसं, तुळशीचं लग्न, दत्तोबाचा राग, फुलाबाईची जीभ... आजवर यांतलं एकेक नाव घेतलं की तोंड आपोआप मिटायचं. आज ती नावं येत होती आणि लांब लांब उभी राहत होती. जवळ एकच जण होतं, पंधरा वर्षांचं, कपाळाला आठी घातलेलं. कुशाबाईंची भीती होती, गावाची लाज होती. पण हिच्यापुढे बोलायचं म्हणजे... रडू नको म्हटलं तर हिने रडणं गिळलं होतं, हिच्यापुढे तिसऱ्या आणि चौथ्या बांगडीमधलं बोलायचं होतं. गावाच्या लाजेहून ही लाज वेगळी होती. गावाची लाज तोंड लपवायला लावते. हिच्यापुढे तोंड लपवताच येईना.

“सांग की, आये. का?”

बादली कौसल्येच्या हातातच होती, काठोकाठ भरलेली. ओझ्याने हात सरळ झाला होता. द्वारकाबाईचे डोळे सवयीने छपराकडे जायला निघाले, आणि तिने त्यांना माघारी आणलं. खांद्यापासून ती बघत खाली आली. दंड, चांगला भरलेला. कोपर. मग जिथे हात बाहेर जायचा तिथे तो आत वळलेला, गुडघ्याकडे, आणि मनगटावर हिरव्या बांगड्या. तिने तो पहिल्यांदाच बघितला. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाकडा होता. वाटलं होतं त्यापेक्षा दणकटही.

पदराच्या टोकाला बांधलेली काच तिच्या बोटांना लागली. गाठ डावीकडे पडलेली.

बादली खाली ठेव, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण ठेवली की हात पुन्हा दुमडणार, मूठ पुन्हा पदरात जाणार, आणि आपलं तोंड पुन्हा मिटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने तसं म्हटलं नाही. पोर ओझं धरून उभी होती, आणि द्वारकाबाई त्या हाताकडे बघत राहिली.